वीज गेल्यावरची आठवण

आधी पायाखालची फरशी थरथरली, मग खिडकीची काच चौकटीत खुळखुळली, आणि मग भोंगा वाजू लागला.

खाणीजवळ राहणाऱ्यांना भोंग्याची भाषा कुणी शिकवावी लागत नाही. सरळ लांब वाजला तर पाळी सुटली. तुटक, धाप लागल्यासारखा वाजला तर खाली काहीतरी पडलं. हा धाप लागल्यासारखा वाजत होता. वहिनीच्या हातातला जेवणाचा डबा तसाच उघडा राहिला. तिने समोर पाहिलं, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा नकाशा पांढराफटक पडला होता.

वहिनी म्हणजे पंपवाल्याची बायको. पंपवाला अख्ख्या खाणीचा दादा, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी. पांढऱ्या मिशांचे मुकादमसुद्धा तिला वहिनीच म्हणत. खाणीच्या तोंडाशी एक लहानशी खोली होती, तिथे तिचं काम. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीत एक बिल्ला बसवलेला असे. बोगद्यांत जागोजागी भिंतीवर पेट्या होत्या, आणि त्या पेट्या दर काही क्षणांनी अंधारात हाक घालत, कोण आहे? बिल्ला उत्तर देई, मी आहे. ते उत्तर तारेवरून वर येई आणि वहिनीच्या नकाशावर एक हिरवा ठिपका होई. दिवसभर ठिपके पाहत बसायचं, हेच तिचं काम. त्यातल्या एका ठिपक्याकडे जरा जास्त वेळा डोळे जात, एवढंच.

आता तिथे एकही ठिपका नव्हता.

बाहेर माणसं वर येत होती. धुळीने माखलेली, खोकणारी, एकमेकांना मोजणारी. जो वर येई तो आपलं पितळी टोकन दाराजवळच्या फळीवर अडकवी. हुक भरत गेले. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. शेवटचा माणूस आला, त्यानेही आपलं टोकन अडकवलं, आणि फळीवर एकच हुक रिकामा राहिला. त्या हुकावरचा आकडा तिला पाहायची गरज नव्हती. एक्केचाळीस.

मुकादम धापा टाकत आत आले. "वहिनी, दादा कुठाय? डाव्या बोगद्यात की उजव्या?"

"काका, पडदाच पांढरा पडलाय."

"मग बंद करून चालू करा की! नेहमी करता तसं!"

हे मशीन आठवड्यातून एकदा तरी रुसे. मग बटण दाबायचं, पाणी पिऊन यायचं, की ठिपके पुन्हा जागेवर. वहिनीचा हात सवयीने बटणाकडे गेला. बोट टेकणार, एवढ्यात दारातून कुणीतरी किंचाळलं, "हात लावू नका!" आणि पाठोपाठ तिच्या मनगटावर चापट बसली.

ती वन्सं होती. पंपवाल्याची धाकटी बहीण. फाटकाबाहेर तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि खाणीतली सगळी मशीनं तीच पाहायची. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पायात चप्पल एकच. दुसरी वाटेत कुठेतरी राहिली होती.

"वन्सं, अहो, सोडा मला! हे खाली आहेत!"

"माझाही भाऊ आहे तो," वन्सं म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खट्याळ नव्हता, ताणलेल्या तारेसारखा होता. "काका, खाली वीज आहे?"

"तोडली. छत पडलं की आधी वीज तोडायची. गॅस असला आणि ठिणगी पडली तर सगळंच संपलं."

"म्हणजे पेट्या मुक्या झाल्या. वहिनी, नीट ऐका. तुम्ही रोज बंद-चालू करता तेव्हा ठिपके परत येतात, कारण पेट्या पुन्हा हाक मारतात. आज हाक मारायला कुणी नाही. दादा कुठे होता, ते आता फक्त या डब्यात आहे. बटण दाबलंत की तेही गेलं."

वहिनीने हात पदराखाली घेतला, जणू तो हात तिचा नव्हताच. मग तिला आठवलं. "पण आत साठवलेलं असतं ना? ते मेमरी कार्ड?"

"कार्डावर पाळी संपली की लिहिलं जातं. आधी क्षणाक्षणाला लिहायचं, आठवतं? वर्षभरात झिजून मेलं बिचारं. पाटीवर लिहा, पुसा, लिहा, पुसा, पाटीला भोकच पडणार. म्हणून नवीन घातलं तेव्हा कंपनीवाल्यांनी सांगितलं, दिवसातून थोडंच लिहू दे. आपण सगळे हो म्हणालो." वन्सं गुडघ्यावर बसून मशीनचं बाजूचं झाकण खोलत होती. "कार्ड म्हणजे कपाट. कपाटात ठेवलेलं घरातला दिवा गेला तरी राहतं. पण आजचं सगळं अजून ओट्यावरच आहे."

मुकादम दोघींकडे आळीपाळीने पाहत होते. "पोरी, मला कपाट-ओटा काही कळत नाही. मला एक सांग. माझ्याकडे एकच टोळी आहे आणि आधाराचे खांबही एकाच बाजूला पुरतील एवढेच. वीज तोडली म्हणजे पंपही बंद. पाणी चढतंय खाली. मी डावीकडे खणू की उजवीकडे?"

"तेच काढतेय, काका."

"आजचं काम उजवीकडे होतं त्याचं. नवीन पंप बसवायचा होता. मला तर उजवाच वाटतो."

"वाटतो ना? की माहिती आहे?"

पंपवाल्याचं कुणालाच सांगता येत नसे. जिथे पाणी तिथे तो.

तेवढ्यात खोलीतला दिवा गेला.

खाणीच्या तोंडाजवळची सगळी वीज मॅनेजरसाहेबांनी तोडायला लावली होती. नियमच तसा होता आणि बरोबरही होता. पण टेबलाखालच्या बॅटरीच्या डब्याने लगेच टीप... टीप... सुरू केलं. कॉम्प्युटर आता त्या डब्यावर जगत होता.

"किती वेळ टिकेल?" वहिनीने विचारलं.

डबा जुना होता. पडद्याची तार वन्संनी उपटली, तेवढाच भार कमी. खोली आणखी अंधारली. उघड्या मशीनच्या पोटात एक हिरवा दिवा तेवढा जळत होता.

"जनरेटर ऑफिसात आहे," मुकादम म्हणाले. "इथे आणता येणार नाही. तोंडाजवळ ठिणगी नको."

"मग हे तिकडे न्यायचं. चालू ठेवून. बॅटरीसकट." वन्संनी पिशवीतून धूळ उडवायचा फवाऱ्याचा डबा काढला. "आणि वहिनी, तुम्ही हा धरा. उलटा. असा. या दोन पट्ट्या दिसतात ना, उभ्या? यांच्यावर मारत राहायचं."

"धूळ कशाला झाडायची आत्ता?"

"धूळ नाही. उलटा धरला की यातला वायू बर्फासारखा गार, पातळ होऊन बाहेर येतो. मारा!"

वहिनीने मारलं. हिस्स झालं, आणि काळ्या पट्ट्यांवर पांढरं दव धरलं. तिच्या बोटांची टोकं बधिर झाली.

"या पट्ट्या म्हणजे ओटा," वन्सं बॅटरीच्या तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाली. ती बोलत होती कारण गप्प राहिली असती तर रडली असती, हे वहिनीला कळत होतं. "यात कोट्यवधी एवढीशी भांडी आहेत, आणि सगळी गळकी. भरलेलं भांडं म्हणजे एक खूण, रिकामं म्हणजे दुसरी. त्या खुणांतच दादाचं ठिकाण लिहिलंय. पण भांडी क्षणाक्षणाला गळतात. म्हणून मशीन न थांबता फेरी मारतं. हे भरलेलं होतं का? पुन्हा भर. हे रिकामं? राहू दे. सेकंदाला कितीतरी फेऱ्या. फेरी थांबली, की आठवण गळाली."

"बापरे. इतक्या वेळा आठवावं लागतं?"

"इतक्या वेळा. आणि फेरी विजेवर चालते."

वहिनीच्या ओठांवर मघापासून देवाचं नाव चाललं होतं. भोंगा वाजला तेव्हापासून, तिला न विचारता. तिला एकदम वाटलं, आपण थांबलो तर? आपणही अशीच गळकी भांडी. सकाळी यांनी जाताना काय म्हटलं होतं, तेही आता आठवेना. काहीतरी चेष्टा केली होती. डब्यात मीठ जास्त झालं तर पंप लावून काढीन, की असंच काही. ती नाव घेत राहिली आणि फवारा मारत राहिली.

"थंडीत काय होतं?" तिने विचारलं.

"थंडीत तेल गोठतं ना, तशी गळती मंदावते. गरम असतील तर वीज गेल्यावर भांडी बघता बघता रिकामी. गार असतील तर थोडी दया मिळते. थोडीच. मला आमच्या मास्तरांनी एकदा दाखवलं होतं. तेव्हा वाटलं, काय उपयोग असल्या जादूचा!"

मुकादमांनी बॅटरीचा डबा छातीशी धरला. वन्संनी मशीन उचललं, लहान मूल घेतात तसं, पोट उघडं वरच्या बाजूला. दोघांमध्ये हातभर तार. आणि बाजूने वहिनी, उलटा फवारा मारत. वरातच निघाली म्हणा ना, पण असली वरात वैऱ्यावरही येऊ नये.

आवार ओलांडायचं होतं. एरवी लक्षातही न येणारं आवार. आज त्यात सगळं आडवं आलं, स्ट्रेचर, पाण्याचे पाइप, फाटकाशी जमलेल्या बायका. एकीने विचारलं, "वहिनी, काय झालं हो?" आणि तिच्या तोंडाकडे पाहून ती स्वतःच बाजूला झाली.

"सांभाळून, काका, तार ओढू नका."

"मी नाही ओढत, तूच पळतेस!"

"पळू नको तर काय करू, नाचू?"

टीप... टीप... टीप टीप. मग टीप टीप टीप टीप.

"वन्सं, हा जोरात ओरडायला लागला!"

"ऐकू येतंय मला!"

"मशीनच्या आत आणखी कुठे नसेल का लिहिलेलं?" वहिनी जवळजवळ ओरडली. "दुसरं काही?"

"मेंदूच्या अगदी जवळ थोडी जागा असते. जिभेच्या टोकावरची म्हणा. फार चपळ, पण एवढीशी, वीज गेली की तीच सगळ्यात आधी जाते. आणि एक जन्मजात असते, ती कधीच जात नाही, पण तिला फक्त उठायचं कसं एवढंच ठाऊक. तान्ह्या बाळाला दूध प्यायला कुणी शिकवतं का? तसं. तिला दादा माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"या पट्ट्यांना. मारा, वहिनी, मारा!"

ऑफिसच्या पायऱ्या समोर दिसल्या आणि बॅटरीच्या डब्याने एक लांब सूर काढला. भोंग्यासारखा. मग गप्प झाला.

मशीनच्या पोटातला हिरवा दिवा विझला.

वहिनीचा पाय पायरीवर अडखळला, फवारा हातून निसटता निसटता राहिला. ओठ थांबले. नाव थांबलं. तिच्या डोळ्यांसमोर ती कोट्यवधी एवढीशी भांडी आली, अंधारात एक एक करून गळणारी, आणि कुठल्यातरी एका भांड्याच्या तळाशी हे उभे होते, टोपीतला दिवा लावून, पाणी गुडघ्यापर्यंत.

"थांबू नका, वहिनी!" वन्सं ओरडली. ही तीच वन्सं, जी वहिनीच्या देवाला रोज चिडवायची, तुमच्या देवाचं नेटवर्क आज आहे ना, म्हणून. "फवारा थांबवू नका. आणि ते जे म्हणता ते पण थांबवू नका. म्हणत राहा!"

पायऱ्या, दार, साहेबांचं टेबल. टेबलावरचे कागद वन्संनी कोपराने खाली लोटले. साहेब उभेच होते, दोन्ही कानांना दोन फोन. त्यांनी फोन खाली ठेवले आणि न विचारता आपल्या पडद्याची तार काढून दिली. भला माणूस.

जनरेटरची पिन भिंतीत गेली. वन्संनी पिशवीतून एक लहान पेन ड्राइव्ह काढला, फुंकर मारली, मशीनला खुपसला. "आता हे मशीन नेहमीसारखं उठलं तर सगळा पसारा त्याच ओट्यावर मांडेल आणि दादाचं जे काही आहे त्यावर बसेल. या पेन ड्राइव्हवरून उठलं तर मुंगीएवढी जागा घेईल आणि बाकीचं फक्त वाचत जाईल. नवीन मशीन असतं तर उठतानाच सगळा ओटा धुऊन टाकला असता. हे जुनं आहे. याला तेवढी स्वच्छता येत नाही." ती हसल्यासारखी झाली. "म्हातारं आहे हे देवाची कृपाच म्हणायची. वहिनी, दाबा."

"काय?"

"बटण. फवारा आता मी घेतलाय, माझे दोन्ही हात पट्ट्यांशी आहेत. दाबा!"

मघाशी चापट बसल्यावर जे बोट मागे घेतलं होतं तेच बोट आता पुढे करायचं होतं. ते बधिर होतं, त्याच्या टोकाला कातडी पांढरी पडली होती. वहिनीला वाटलं, आपण हे दाबलं आणि काहीच नसलं तर? तर त्यांना आपणच पुसलं असं होईल. जन्मभर हे बोट आपल्याकडेच रोखलेलं राहील.

तिने नाव घेतलं आणि दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा. मग एका कोपऱ्यात एक पांढरी चौकट लुकलुकली. मग अक्षरांचा लोंढा. खोलीतले चौघे त्या लोंढ्याकडे पाहत उभे राहिले, कुणालाच काही वाचता येत नव्हतं, वन्संनाही नाही. ती एकामागून एक कळा दाबत होती. "एक्केचाळीस," ती स्वतःशी म्हणत होती. "एक्केचाळीस, ये. ये रे दादा."

लोंढा थांबला. एक ओळ उजळली.

बिल्ला एक्केचाळीस. पेटी सात. आणि पुढे वेळ.

"सात!" मुकादमांनी मांडीवर हात मारला. "सात म्हणजे उजवा. सांगत होतो मी! चला रे..." ते दाराकडे वळलेसुद्धा.

"थांबा, काका." वन्सं वाकली. "ही वेळ सकाळची आहे. पाळी सुरू झाली तेव्हाची. ओट्यावर जुनं उष्टंही पडलेलं असतं, कुणी उचलत नाही. शेवटचं हवंय मला."

मुकादम दारातच खिळले. बाहेर कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. काका, पाणी पहिल्या पायरीवर आलंय! त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

दुसरी ओळ. बिल्ला एक्केचाळीस. वेळ छत पडायच्या जरा आधीची, स्वच्छ. पण पेटीच्या जागी आकडा नव्हता, एक वेडीवाकडी खूण होती. गळून गेलं होतं.

वहिनी त्या खुणेकडे पाहत राहिली, जणू रोखून पाहिलं तर ती परत आकडा होईल.

"पुढे," वन्सं कुजबुजली.

तिसरी ओळ. पेटी तीन. पण वेळ अर्धीच, तास गळाला होता, मिनिटं उरली होती.

चौथी. बिल्ल्याचा आकडाच एका बाजूने खाल्लेला. पेटी तीन. तास आहे, मिनिटं नाहीत.

पाचवी. पेटीच्या जागी पुन्हा खूण. वेळ दुसऱ्या ओळीच्या लगेच पुढची.

सहावी. पेटी तीन. वेळेच्या जागी नुसती भोकं.

"इतक्या ओळी कशा काय?" साहेबांनी विचारलं.

"पेटी विचारते आणि बिल्ला सांगतो. पुन्हा विचारते, पुन्हा सांगतो," वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. हे काम तर तिचं होतं. "माणूस चालत पेटीसमोरून गेला तर एकदा किंवा दोनदा. तो तिथेच बसला असेल, तर इतक्या वेळा." ती पडद्याजवळ गेली आणि बधिर बोट एका ओळीवरून दुसरीवर नेत राहिली. "इथे तास आहे. इथे मिनिटं. इथे पेटी. ज्या ओळीत जे गळलंय ते शेजारच्या ओळीत राहिलंय, बघा. छत पडलं तेव्हा हे तिसऱ्या पेटीसमोर बसले होते. डाव्या बोगद्यात."

"डावा बोगदा बंद आहे, वहिनी," मुकादम हळूच म्हणाले. "तिथे जुना पंप आहे फक्त. तिथे कशाला जाईल तो?"

"ते नाही मला ठाऊक."

"पक्कं सांगता?"

वन्सं म्हणाली, "काका, त्या वेळची एकही ओळ पूर्ण मिळाली नाही. मी लिहून नाही देऊ शकत."

मुकादमांनी वहिनीकडे पाहिलं. साहेबांनीही. मग वन्संनीही, आणि तिच्या डोळ्यांत वहिनीने पहिल्यांदाच उघडी भीती पाहिली. सगळे तिच्या एका शब्दाची वाट पाहत होते. उजवा म्हणाली, तर निदान आजचं काम उजवीकडे होतं असं सगळ्यांना म्हणता येईल. डावा म्हणाली आणि चुकलं, तर तिच्याच तोंडाने टोळी नवऱ्यापासून दूर गेली. त्यांच्या डोक्यावर पाणी चढत असेल आणि माणसं भलत्याच भिंतीशी झुंजत असतील, आणि ते ऐकत असतील, दूर कुठेतरी कुणीतरी खणतंय, आपल्याकडे नाही.

"डावा," ती म्हणाली.

मुकादम धावत गेले.

मग वाट पाहणं आलं. देवा, ते कुणाला सांगावं! वन्सं आणि वहिनी खाणीच्या तोंडाशी, दोराच्या अलीकडे, एका उलट्या घमेल्यावर टेकल्या होत्या. वन्संनी वहिनीची बोटं आपल्या तळव्यात घेऊन चोळायला सुरुवात केली होती. बोटांना आता आग होत होती.

"मी चुकले असेन तर, वन्सं?"

"तर मी पण चुकले."

"तुम्ही तर म्हणालात, लिहून नाही देणार."

"लिहून नाही देणार म्हणाले. उजवा म्हणाले का?" मग बोटं चोळता चोळता, "वहिनी, ते म्हणता का अजून? तोंडातल्या तोंडात?"

"हो."

"जरा मोठ्याने म्हणा. मला पण ऐकू दे."

वहिनी मोठ्याने म्हणू लागली. वन्संनी साथ केली नाही, पण तिच्या अंगठ्याचा दाब वहिनीच्या बोटांवर त्याच लयीत पडू लागला.

खालून येणारा प्रत्येक माणूस दोघींकडे न पाहता जात होता. खाणीतली माणसं अशीच. बातमी नसली की डोळे जमिनीला. एकजण रिकाम्या बादल्या घेऊन वर आला. त्याच्या गमबुटांवर पाण्याची रेघ पोटरीच्याही वर होती. वहिनीने ती रेघ पाहिली आणि नाव घेता घेता तिचा आवाज फाटला.

मग मुकादमांचा निरोप आला. टोळी डाव्या बोगद्यातल्या ढिगाऱ्यापाशी पोचली होती. ढिगारा मोठा होता. पण तिथून जुन्या पंपाचा लोखंडी पाइप भिंतीच्या कडेने पलीकडे गेलेला होता. मुकादमांनी त्या पाइपाला कान लावला होता.

"मग?" वन्सं ताडकन उठली. "मग काय?"

निरोप घेऊन आलेला खांबवाला धापा टाकत होता. "वाजतोय," तो म्हणाला. "पाइप वाजतोय. ठक, ठक, ठक. थांबतो, पुन्हा ठक, ठक, ठक. मुकादम म्हणाले, आत्ता नाही, मघापासून वाजवत असणार. हात दुखला तरी थांबला नाही पठ्ठ्या. सांगा म्हणाले वहिनींना, डावाच."

वहिनी उठायला गेली आणि उठता आलं नाही. घमेलं कलंडलं, ती जमिनीवरच बसली, आणि भीती, जी इतका वेळ तिला उभं धरून होती, ती एकदम सोडून गेल्यासारखी ती थरथर कापायला लागली. दात दातांवर आपटत होते.

त्याला बाहेर काढायला दुपार सरली. पाणी छातीला लागलेलं, एक पाय दगडाखाली सापडून सुजलेला, ओठ निळे. स्ट्रेचरवरून त्याने बायकोचा हात धरला. त्याचा हात तिच्या हाताहून गार होता. तिला वाटलं, गार आहे, म्हणजे अजून गळालं नाही.

"दादा, तू तिथे मरायला कशाला गेला होतास?" वन्संनी रडत रडत झापलं. "काम उजवीकडे ना तुझं?"

"नव्या पंपाचा वॉशर फाटला," तो पुटपुटला. "म्हटलं जुन्याचा काढावा. घट्ट बसला होता. बसून काढत होतो." मग त्याने बायकोकडे पाहिलं. तिचं थरथरणं अजून थांबलं नव्हतं. त्याने बहिणीला विचारलं, "हिला काय झालं?"

"हँग झालीय," वन्सं म्हणाली. "बंद करून चालू करू का?"

"खबरदार," वहिनी दातांखालून म्हणाली.

त्यांनी त्याला गाडीत चढवलं. वन्सं शेजारी बसली, वहिनी पायाशी. दार लागता लागता वहिनीने तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"वन्सं, त्या कार्डाचं. उद्यापासून पुन्हा क्षणाक्षणाला लिहायला लावा त्याला."

"झिजेल ते, वहिनी. वर्षभरात मरेल."

"मरू दे. दुसरं आणू." तिने नवऱ्याच्या गार पावलांवर पदर टाकला आणि दोन्ही हातांनी ती चोळायला लागली. "चंदन झिजल्याशिवाय गंध निघतो का कधी? झिजू दे त्याला."

गाडी सुरू झाली. ती चोळत राहिली, आणि तिच्या ओठांचं काही थांबलेलं नव्हतं.